जिल्हा रत्नागिरी, मुक्काम नालासोपारा

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या तीनच जिल्ह्यांची माणसं दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. रत्नागिरी १६ लाख ९६ हजार ७७७ वरून १६ लाख १५ हजार ६९ वर आली. सिंधुदुर्ग ८ लाख ६८ हजार ८२५ वरून ८ लाख ४९ हजार ६५१ वर. या दोन नावांचं कुणाला नवल वाटलं नाही. कोकण ओस पडतंय हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा लिहून झालं आहे की आकडे केवळ त्याला दुजोरा द्यायला आले असं वाटावं. तिसरा जिल्हा मात्र मुंबई शहर होता. उपनगरं नव्हेत, कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची जुनी मुंबई. ३३ लाख ३८ हजारांवरून ती ३० लाख ८५ हजारांवर उतरली होती.

म्हणजे चाकरमानी जिथून निघतो तो जिल्हा घटला आणि जिथे जातो तो जिल्हाही घटला. मग माणसं गेली कुठे? त्याच दहा वर्षांत तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला आणि देशातला सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा ठरला. राजापूरचं घर आणि परळची खोली सोडलेल्या कुटुंबांचे पत्ते शोधायचे तर वसई-विरार, दिवा, डोंबिवली, बदलापूर असेच फिरावे लागतात. ठाण्याची सगळी वाढ कोकण्यांची नव्हे, तिथे देशभरातून माणसं आली. पण रत्नागिरीची घट समजून घ्यायची तर रत्नागिरीत बसून ती समजत नाही. आणि ती समजून घेताना सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो: कोकणातून माणूस जाणं ही दीडशे वर्षांची जुनी गोष्ट आहे. नवी गोष्ट आहे ती त्याचं परत येणं थांबल्याची.

१८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा दक्षिण कोकणातल्या हजारो घरांची रोजी एका फटक्यात गेली. गडांवरच्या शिबंदीत, आरमारात, कारकुनीत पोट भरणारा हा प्रदेश होता. शेतीवर त्याचं कधीच पुरतं भागलं नव्हतं. पाऊस धो धो, तीन हजार मिलिमीटरच्या वर, पण पाणी चार महिन्यांत समुद्राला मिळतं. खाली कातळ, वर हातभर माती. खलाटीत भात, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी, आणि तीही दरवर्षी नाही. जमिनीला विसावा द्यावा लागे.

त्या थोडक्या पिकावर खोत बसलेला असे. सरकारचा सारा भरायची जबाबदारी त्याची आणि कुळाकडून काय घ्यायचं ते ठरवायची सत्ताही बरीचशी त्याचीच. भातात अर्धेल म्हणजे निम्मा वाटा, वरकसात तिरधेल म्हणजे तिसरा, वर वेठ. १८८०च्या खोती कायद्याने या व्यवहाराला नियमांत बसवलं, पण मोडलं नाही. अशा ठिकाणी घरात तीन मुलगे असतील तर दोघांना बाहेर जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पहिली वाट पलटणीची होती. मुंबई इलाख्याच्या फौजेला रत्नागिरी जिल्हा शिपाई पुरवत आला. मराठे होते तसे महारही होते, आणि निवृत्त झाल्यावर पुष्कळजण दापोलीच्या कॅम्पात राहत. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचं सकपाळ कुटुंब याच वाटेने गेलं. सुभेदार रामजी सकपाळ पेन्शनीत निघाल्यावर काही काळ दापोलीला होते. त्यांचे पुत्र बाबासाहेब आंबेडकर यांच्या बालपणातलं हे पान लष्करी नोकरीशिवाय लिहिलंच गेलं नसतं. १८९०च्या दशकात महारांची भरती सरकारने बंद केली आणि त्या समाजाची ही वाट बुजली.

तोवर दुसरी वाट रुळली होती. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला पहिली कापड गिरणी काढली. पुढच्या तीस वर्षांत मुंबईचं क्षितिज चिमण्यांनी भरलं, आणि त्या चिमण्यांखाली उभं राहायला माणूस लागत होता. घाटावरच्या माणसाला रेल्वे होती, कोकण्याला समुद्र. आगबोटींच्या फेऱ्या सुरू झाल्यावर वेंगुर्ला, मालवण, विजयदुर्ग, जैतापूर, रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णै ही बंदरं मुंबईची दारं झाली. बोट खोल पाण्यात उभी राही, पडावातून माणसं तिच्यापर्यंत नेत. कोल्हापूर नकाशात जवळ होतं, पण मध्ये सह्याद्री होता. त्यामुळे देवगडच्या माणसाला मुंबई कोल्हापूरपेक्षा ओळखीची झाली.

१८८१च्या जनगणनेत मुंबईत पावणेआठ लाख माणसं मोजली गेली. त्यांतली सव्वा लाख रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. शहरातला दर सहावा माणूस. खुद्द जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा दहा लाखांच्या आतबाहेर होती, आणि त्यात आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भाग धरलेला होता. १९११पर्यंत मुंबईतले रत्नागिरीकर दोन लाखांच्या पुढे गेले आणि गिरणी कामगारांतले जवळपास निम्मे या एकाच जिल्ह्याचे होते. जगातल्या औद्योगिक शहरांच्या इतिहासात एका जिल्ह्याने एका शहराला इतका कामगार पुरवल्याची उदाहरणं फार नसावीत.

पण हे स्थलांतर आपण आज या शब्दाने जे समजतो तसं नव्हतं. माणूस जाई, घर जात नसे. बायको, पोरं, म्हातारी, गुरं आणि भाताचे कुणगे मागे राहत. तो पावसाच्या तोंडाशी, बोटी बंद होण्याआधी, लावणीला येई, किंवा निदान शिमग्याला आणि गणपतीला येई. गिरणीत ‘बदली’ म्हणून उभ्या राहणाऱ्या कामगाराला ही ये-जा सोयीची होती आणि मालकाला त्याहून सोयीची. कामगाराचं म्हातारपण, बाळंतपण, आजारपण, मंदीतली बेकारी हे सगळं फुकटात सांभाळणारं गाव पाठीशी असेल तर मजुरी कमी दिली तरी चालतं. मुंबईच्या कापडाच्या किमतीत कोकणातल्या बाईचे कष्ट धरलेले नव्हते. हा हिशेब तेव्हा कुणी मांडला नाही, आणि आता मांडून काही वसूल होणार नाही, पण तो होता.

त्या मुंबईत बायका कमी असत त्याचं कारण हेच. १९२१ साली शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सव्वापाचशेच्या आसपास होत्या. परळ, लालबाग, वरळी, नायगावच्या चाळींत ‘गावकीची खोली’ नावाची एक संस्था होती. एका गावाची किंवा एका वाडीची मिळून घेतलेली खोली. दहा बाय बारात वीस-पंचवीस माणसं, भिंतीला ट्रंका, कोपऱ्यात वळकट्या. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा व्हायचा. विकास खात्याने १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची होती आणि तीही या माणसाला ऐसपैस वाटे. जेवण खाणावळीत. खाणावळ चालवणारी बाई बहुधा त्याच मुलखातली, पुष्कळदा नवऱ्याची नोकरी सुटलेली किंवा नवराच नसलेली. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अशाच बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

या खोलीतच गावाचा कारभार चाले. महिन्यातल्या एका रविवारी सभा, वर्गणी, हजेरी, इतिवृत्त. देवळाचा जीर्णोद्धार कधी करायचा, शाळेला पत्रे कुणी द्यायचे, पाण्याची टाकी कुठल्या वाडीत, पालखीचा मान कुणाचा, यावर मुंबईत ठराव होई आणि गावाला पत्राने कळे. ‘ग्रामस्थ मंडळ (मुंबई)’ ही पाटी कोकणातल्या कुठल्याही देवळाच्या दारी दिसेल. या मंडळांनी गावांना वीज, रस्ता, शाळा मिळवून दिल्या हे खरं. पण गावात राहणाऱ्यांनी राबायचं आणि ठरवायचं मुंबईकरांनी, ही रीतही त्यांनीच पाडली, आणि राबणाऱ्यांत बायका जास्त होत्या आणि त्यांना ठरावात जागा नव्हती, हेही खरं.

गाव आणि शहर यांच्यातला हा दोर किती पक्का होता ते संकटात दिसे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला आणि पुढच्या सहा महिन्यांच्या आत जवळपास निम्मी मुंबई रिकामी झाली. कोकणी माणूस गावी गेला आणि साथ ओसरल्यावर परत आला. १९२८च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचा संप चालला. एवढे महिने कामगार टिकला त्याला गावाकडच्या भाताचा मोठा हातभार होता. लढे उलट्या दिशेनेही चालले. १७ सप्टेंबर १९३७ला आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. खोताविरुद्ध गावात बोलायची सोय नव्हती. मुंबईत पगार घेणारा भाऊ असेल तर ते धाडस होई. खोती प्रत्यक्षात गेली ती १९४९च्या कायद्याने.

आणि समुद्राने आपली किंमत घेतली. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट कलंडली आणि सहाशेच्या वर माणसं बुडाली. स्वातंत्र्य चार आठवड्यांवर असताना गिरणगावातल्या आणि अलिबागेकडच्या शेकडो घरांत सुतक होतं.

स्वातंत्र्यानंतरही ही व्यवस्था तीसेक वर्षं तशीच चालली. बोटीची जागा एसटीने घेतली. मनीऑर्डर हा जिल्ह्याचा खरा उद्योग राहिला. कूळकायद्याने जमीन कसणाऱ्याच्या नावावर झाली, पण ती इतकी तुकड्यातुकड्यांची होती की मालकी मिळाली आणि पोटाचा प्रश्न तिथेच राहिला. १ मे १९८१ला जुन्या रत्नागिरीचे दोन जिल्हे झाले. त्यानंतर साडेआठ महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ला, मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंत यांच्या मागे संपावर गेले.

हा संप कामगारांनी १९२८सारखाच लढायचा ठरवला होता. गावी जाऊ, पेरणी करू, मिटलं की येऊ. त्याप्रमाणे हजारो जण गेले. पण मधल्या पन्नास वर्षांत गाव बदललं होतं. पूर्वी शेतातलं भात घराला सात-आठ महिने तरी पुरे आणि मनीऑर्डर वरखर्चाला होती. आता मनीऑर्डरवरच चूल होती आणि शेती वरखर्चाला. ज्याच्या आधारावर टिकायचं तो आधार संप करणाऱ्याच्याच पगारावर उभा होता. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही, गिरण्या मात्र एकेक करून संपल्या. सव्वा शतकाची ये-जा ज्या खांबावर तोलली होती तो खांब गेला. कोकणच्या लोकसंख्येच्या इतिहासात मला या घटनेइतकी निर्णायक दुसरी दिसत नाही. कोकण रेल्वेही नाही, दाभोळचा एन्रॉन वीजप्रकल्पही नाही.

कामगार गावी राहिला नाही, कारण गावात काही नव्हतं. परळात राहणंही जमेना, कारण गिरणीच्या जमिनीवर टॉवर आणि मॉल येऊ लागले आणि पोरांची लग्नं त्या एका खोलीत होईनात. मग पागडीची खोली विकली, आलेल्या पैशांत नालासोपाऱ्याला, विरारला, दिव्याला वन रूम किचन घेतलं. तिवरं, मिठागरं आणि भातखाचरं भरून तिथे इमारती उभ्या राहत होत्या. पाणी टँकरचं, रस्ता पावसाळ्यात गुडघाभर, लोकलला लोंबकळत दीड तास. पण जागा स्वतःची, आणि दार लावून घेता येईल अशी. इथे बायको आली, मुलं आली, मागून म्हातारी आई आली. गावकीच्या खोलीत जे शक्य नव्हतं ते वन रूम किचनमध्ये झालं: कुटुंब पुरतं उचललं गेलं. २००९ साली चार नगरपालिका एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली आणि २०११ला तिथे १२ लाख २२ हजार माणसं मोजली गेली. तिच्यात कोकणातल्या किती वाड्या आहेत हे कुठलाही तक्ता सांगत नाही, पण गणपतीत त्या इमारतींच्या किती दारांना कुलपं असतात ते पाहावं.

याच काळात कोकण रेल्वे आली. नाथ पै आणि मधु दंडवते यांनी राजापूर मतदारसंघातून संसदेत वर्षानुवर्षं हा आग्रह धरला होता. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० साली महामंडळ झालं, ई. श्रीधरन यांनी काम उभं केलं आणि २६ जानेवारी १९९८पासून सबंध मार्गावर गाडी धावू लागली. रेल्वे आली की माणूस गावात राहील, ही त्या मागणीमागची भाबडी पण प्रामाणिक आशा होती. तिच्यानंतरच्या पहिल्याच पुऱ्या दशकात दोन्ही जिल्हे घटले. रेल्वेने हे केलं असं मी म्हणणार नाही. ती नसती तरी हे झालं असतं. तिने इतकंच केलं की गाव सोडलेल्या कुटुंबाला वर्षातून दोनदा येणं सोपं केलं, आणि येणं सोपं झालं की राहण्याची निकड उरत नाही. सावंतवाडीची गाडी दिव्याहून सुटते.

जनगणनेतच याचा पुरावा आहे, आणि तो एकूण आकड्यापेक्षा बोलका आहे. रत्नागिरीत २००१ साली दर हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या, २०११ला ११२२. सिंधुदुर्गात १०७९च्या १०३६ झाल्या. राज्याचं प्रमाण ९२९ असताना हे आकडे अजूनही मोठे आहेत आणि पुष्कळजण ते कोकणच्या पुरोगामीपणाचं लक्षण म्हणून सांगतात. पुरोगामीपणा असेलही, पण हे प्रमाण मुख्यतः गावात नसलेल्या पुरुषांचं आहे. ते आता घटतंय, याचा अर्थ पुरुष परतले असा नव्हे. बायकाही निघाल्या. त्यात घरटी मुलं कमी झाली, म्हणून जाणाऱ्यांची जागा जन्मणाऱ्यांनी भरून निघेना. जिल्हा परिषदेच्या शाळांचे पट दहा-बारावर आले ते या दोन्ही कारणांनी.

पण रिकामं म्हणावं असं कोकण झालेलं नाही, हेही बघायला हवं. घटत्या जिल्ह्यांतच शहरी वस्ती वाढली. रत्नागिरीत २००१ला शंभरातली ११ माणसं शहरी होती, २०११ला १६. कणकवली, कुडाळ, चिपळूण, खेड, लांजा ही बाजारपेठेची गावं महामार्गाच्या आणि स्टेशनाच्या दिशेने पसरत गेली. वाडीतल्या ज्या घराला मुंबई परवडली नाही ते तालुक्याला तरी आलं, मुलांच्या शाळेसाठी, दवाखान्यासाठी. शेजारीच दुसरी वाढ आहे: डोंगर कापून केलेले प्लॉट, एकसारखे बंगले, वर्षातले अकरा महिने बंद खिडक्या. ही वाढ माणसांची कमी आणि सिमेंटची जास्त आहे.

बाहेरून येणारेही आहेत. १९९०पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने वरकस जमिनीवर हापूस आणि काजू उभे राहिले. बाग राखायला, फवारायला, आंबा उतरवायला गावात माणूस नाही, म्हणून नेपाळहून माणूस येतो. रत्नागिरी-देवगडच्या बागांत आणि मच्छीमारी बोटींवर नेपाळी कामगार हे आता नेहमीचं दृश्य आहे. पावसाळ्यापूर्वी तो आपल्या गावी परततो, बायको-मुलं आणि शेती तिकडे, पगार इकडे. शंभर वर्षांपूर्वी परळमध्ये जो रत्नागिरीकर होता तोच आज रत्नागिरीत नेपाळहून येतो. त्याला बागेतल्या झोपडीत ठेवणाऱ्या मालकाच्या आजोबांनी गावकीच्या खोलीत दिवस काढलेले असतात, आणि याची आठवण मालकाला क्वचितच असते.

ज्या जमिनीला बाग लागली नाही ती पडीक आहे. सातबाऱ्यावर डझनावारी नावं, निम्मी हयात नाहीत, उरलेली विरारला. एकाने सही द्यायची नाकारली की ना विकता येत, ना वाटून कसता येत. मे २०२०मध्ये टाळेबंदीतले चाकरमानी गावी लोटले, शाळांत विलगीकरणात राहिले, काहींनी त्या पावसाळ्यात वर्षानुवर्षं पडीक असलेली खाचरं लावलीही. प्लेगच्या वेळी झालं तेच पुन्हा झालं. पुढच्या वर्षी गवत परत उगवलं.

राजकारणाने मात्र आपला हिशेब वेळेवर केला. २००१च्या आकड्यांवरून २००८ साली मतदारसंघांची पुनर्रचना झाली. रत्नागिरी जिल्ह्याचे आमदार सातावरून पाचावर आले. खेड आणि संगमेश्वर ही नावं विधानसभेच्या यादीतून गेली. सिंधुदुर्गाचे चारांवरून तीन झाले. नाथ पै आणि दंडवत्यांचा राजापूर लोकसभा मतदारसंघ पुसला गेला. ठाणे जिल्ह्याचे आमदार तेराचे चोवीस झाले. त्या चोवीसांत कोकणातून गेलेल्यांची मतं आहेत, पण ती लोकल, पाणी आणि पुनर्विकास यांसाठी मागितली जातात, गावच्या पुलासाठी किंवा वाडीतल्या शाळेसाठी नव्हे. २०२१ची जनगणना झाली नाही. आता ती २०२७मध्ये व्हायची आहे.

त्या आकड्यांची वाट पाहत बसण्यापेक्षा एक काम हातोहात करण्यासारखं आहे. कोण कुठल्या साली मुंबईला आला, कुठल्या गिरणीत लागला, कुठल्या खोलीत राहिला, गावाला काय धाडलं, ही माहिती कुठल्याच सरकारी दप्तरात नाही. ती ग्रामस्थ मंडळांच्या वर्गणीच्या वह्यांत आणि इतिवृत्तांत आहे. चाळी पुनर्विकासाला निघाल्या आहेत आणि खोली रिकामी करताना त्या ट्रंका आधी रद्दीत जातात. ज्या मंडळाकडे अशा वह्या असतील त्यांनी त्या विकू नयेत. निदान पानन् पान मोबाइलवर टिपून एक प्रत तालुक्याच्या वाचनालयाला द्यावी.